पुण्याची रात्रीची ट्रॅव्हल्स: बुकिंग साइटच्या कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

काम पक्कं झालं. नागपूर–पुणे रात्रीच्या एसी स्लीपर चालवणारे एक ट्रॅव्हल्सवाले आहेत. गाड्या मोजक्याच, पण रोज सुटणाऱ्या. एक अमरावती-अकोल्यावरून जाते. दुसरी समृद्धीनं छत्रपती संभाजीनगरपर्यंत आणि तिथून अहिल्यानगरवरून पुण्यात. साइट आहे, कुणीतरी तयार साच्यात बसवून दिलेली. मालकांचं म्हणणं एवढंच की ती जुनाट दिसते, रंगरूप बदला आणि दिवाळीआधी द्या.

लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे, भाऊबीज २३ ला. पुण्यात शिकणारी, नोकरी करणारी आपली पोरं १७ च्या शुक्रवारपासूनच निघतील. म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत साइट चालती हवी. रंगरूपाचं नंतर बघू, आधी मला तुमच्या बुकिंग ऑफिसात फोनजवळ बसू द्या, असं मी म्हटलं. मालकांना नवल वाटलं, पण हो म्हणाले.

१० सप्टेंबर, बुधवार

नागपुरातलं बैद्यनाथ चौकाजवळचं ऑफिस. टेबल, दोन फोन, एक जाड रजिस्टर, भिंतीवर कॅलेंडर. काउंटरवर एक काका, याच कामात केस पिकलेले.

संध्याकाळी पाचनंतर फोन खाली ठेवायला उसंत नसते. मी वहीत प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेवढं टिपत गेले. "गाडी कुठून पकडाची जी?" "छत्रपती चौकात थांबते का?" "वाडीले किती वाजता येईल?" "पुलाच्या वर उभं राहू का खाली?" भाव विचारणारेही होते, पण कमी. आणि फोन करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तिकीट साइटवरून आधीच काढलेलं होतं! पैसे भरून झालेत, तिकीट मोबाइलमध्ये आहे, तरी उभं कुठे राहायचं ते माहीत नाही. साइटचं खरं दुखणं इथे आहे. जुनाट दिसणं हे त्यापुढे काहीच नाही.

मग काकांकडे लक्ष दिलं. समोर माणूस आला की ते विचारतात, कधी जाचं? बसणार कुठून? किती जण? लेडीज आहे का सोबत? म्हातारं माणूस असलं तर न विचारताच खालची देतात. भाडं एकदाच सांगतात, सगळं धरून. माणूस हो म्हणाला की नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतात.

साइट बरोबर उलटी चालते. आधी लॉगिन, ओटीपी, मग नाव-वय-ईमेल, मग सीट. चढायचं ठिकाण सगळ्यात शेवटी, पैसे भरायच्या बटणाच्या वर, एका लांबलचक यादीत, तेही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि अर्धेमुर्धे संक्षेप करून. काकांच्या प्रश्नांचा क्रम तोच आपल्या साइटचा क्रम ठेवायचा, हे डेव्हलपरला रात्रीच कळवलं. त्याचं उत्तर आलं, "मग ते फिरतं बॅनरवालं होमपेज कशाला लागतं?" नाहीच लागत. साइट उघडली की थेट पहिला प्रश्न.

११ सप्टेंबर, गुरुवार

रात्री आठला छत्रपती चौकात जाऊन उभी राहिले. वर्धा रोडवरचा हा दुमजली पूल ३.१४ किलोमीटरचा, गिनेसमध्ये नोंद झालेला. तळाला मूळ रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. नकाशावर टाचणी लावली की तिन्ही मजले एकाच ठिपक्यात येतात. कॅबवाला टाचणी बघून पुलावरून निघून जातो, प्रवासी बॅगा घेऊन पुढे कुठेतरी उतरतो, आणि ट्रॅव्हल्स तर खालून येते. "वर का खाली" या प्रश्नाचा उलगडा तिथे उभं राहिल्यावर झाला. शिवाय रस्ता रुंद, मधे पुलाचे खांब. पलीकडच्या बाजूला उभ्या माणसाला आपली गाडी थांबून निघून गेली तरी दिसत नाही.

तेव्हा नुसता नकाशा पुरणार नाही. प्रत्येक थांब्याला एक फोटो आणि एक ओळ द्यायची. छत्रपतीची ओळ अशी: "पुलाखाली, विमानतळाकडे जाणारी बाजू, मेट्रो स्टेशनच्या जिन्याजवळ." फोटो रात्रीच काढायचे. दिवसा ओळखीची असणारी जागा रात्री दुकानांच्या पाट्या पेटल्यावर वेगळीच दिसते आणि आपला प्रवासी तिथे रात्री येणार आहे. फोटो उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून, गाडी ज्या दिशेनं येते तिकडे तोंड करून.

रहाटे कॉलनी, रविनगर, वाडीचे फोटो याच आठवड्यात. पुण्याच्या बाजूचे खराडी, शिवाजीनगर, वाकडचे तिथल्या ऑफिसचा मुलगा काढून पाठवणार आहे. त्याला नमुन्यादाखल आपला छत्रपतीचा फोटो पाठवला.

१५ सप्टेंबर, सोमवार

लॉगिन काढून टाकलं. वर्षातून दोन-तीनदा पुण्याला जाणाऱ्या माणसानं आपल्याकडे खातं का उघडावं? मालकांना मात्र 'कस्टमरचा डेटा' हवा होता. त्यांना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा समजावून सांगितला. ज्या कामासाठी माहिती घेता त्या कामापुरतीच घ्या, असा त्याचा रोख आहे. ईमेल आता ऐच्छिक. स्त्री की पुरुष हे विचारतो ते शेजारच्या बर्थसाठी, आणि ते कारण त्या रकान्याखालीच लिहिलं. कारण लिहिलं की लोक बिचकत नाहीत.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज दिवसभर तारीख.

साच्यातल्या कॅलेंडरात आठवडा सोमवारपासून सुरू होतो. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार पहिला, तोही लाल. मोबाइलवर घाईत बोट लावणारा माणूस वाराचं नाव वाचत नाही, जागा बघतो. रविवार पहिला आणि लाल केला. सणही टाकले: वसुबारस, धनत्रयोदशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. "भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पोचायचंय" असं ठरवणाऱ्याला २२ हा आकडा शोधत बसावं लागू नये.

त्याहून मोठा घोळ मध्यरात्रीचा. नागपूरहून नऊला निघालेली गाडी अमरावतीला साधारण सव्वाबाराला येते. अमरावतीचा माणूस म्हणतो, शुक्रवारी रात्री निघतो. संगणकाच्या लेखी ती शनिवारची गाडी. जुन्या साइटवर शुक्रवार निवडला की गुरुवार उलटून गेल्यावर आलेली गाडी मिळते, म्हणजे माणूस घरून निघायच्या एक रात्र आधीच गाडी गेलेली असते. काकांकडे असे रडकुंडीला आलेले फोन येतात, आणि प्रत्येकाला ते म्हणतात, "तिकीट तर कालचंच आहे बेटा."

डेव्हलपरचा आग्रह होता की चोवीस तासांचं घड्याळ दाखवू, ००:१५ लिहिलं की शंकाच नको. पण शंका तारखेची आहे, वेळेची नाही. बराच वेळ बोलल्यावर ठरलं ते असं: रात्री बारा ते पहाटे चारमधल्या प्रत्येक थांब्यावर दोन्ही वार लिहायचे. "शुक्रवार-शनिवारमधली रात्र, सव्वाबारा." तारीखही दोन्ही, १७/१८ ऑक्टोबर. प्रवाशानं शुक्रवार निवडला तर त्याला शुक्रवार संपतानाची गाडी द्यायची, कारण त्याच्या बोलण्यात तिचा वार शुक्रवारच. आणि पैसे भरण्याआधीच्या पानावर एक वाक्य: "शुक्रवारी रात्री जेवून घरून निघायचं." मालकांना हे वाक्य फार घरगुती वाटलं. मला ते हवंच आहे. वाचल्याबरोबर माणूस मनात शुक्रवारची रात्र उभी करतो, आणि तारीख चुकली असेल तर तिथेच थबकतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

गावांच्या नावांचा शोध. औरंगाबाद टाइप करणाऱ्याला छत्रपती संभाजीनगर मिळालं पाहिजे, अहमदनगर किंवा नुसतं नगर टाइप करणाऱ्याला अहिल्यानगर. वर्धा इंग्रजीत डब्ल्यूनं लिहा की व्हीनं, दोन्ही चालायला हवं. नावांचा एक तक्ता केला, त्यात बोलीतली आणि चुकीची रूपंही घातली. काका त्यात रोज भर घालतात.

अक्षरांचं: मराठीत ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. अंतर वाढवलं. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलं की चांगल्या फाँटमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. फार जणांच्या हे लक्षात येणार नाही, पण पान आपल्यासाठी केलेलं आहे की दुसऱ्यासाठी करून आपल्यापुढे सरकवलेलं, हे वाचणाऱ्याला जाणवतंच.

फिकट करड्यावरची करडी अक्षरं सगळी काढली. डब्ल्यूसीएजी म्हणजे साइट अपंगांसह सगळ्यांना वापरता यावी म्हणून ठरवलेले निकष. त्यांत साध्या मजकुराला मागच्या रंगापासून ४.५ ला १ इतका उठाव लागतो, आम्ही त्याच्या बराच वर आहोत.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. मालकांबरोबर लांब बैठक, विषय पैसे.

जुन्या साइटवर यादीत भाडं १,४०० दिसतं. सीट निवडली की ५ टक्के जीएसटी लागून १,४७०. पैसे भरायच्या पानावर सुविधा शुल्क. खाली प्रवासविम्याच्या चौकटीत खूण आधीच मारलेली. वर उलटं धावणारं घड्याळ, आणि "इतके जण ही गाडी बघत आहेत" असा आकडा. तो कोडमध्ये जाऊन पाहिला, यादृच्छिक आहे. दर वेळी नवा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या साइटवरच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. डार्क पॅटर्न हा शब्द हॅरी ब्रिग्नल या डिझायनरनं २०१० मध्ये वापरात आणला. तत्त्वांमध्ये १३ प्रकार दिलेत. खोटी घाई, न विचारता टोपलीत घातलेली वस्तू, थेंबाथेंबानं वाढणारी किंमत, हे तिन्ही आपल्या एका साइटवर. मी एकेक पान दाखवत गेले. मालक गप्प बसून बघत होते. साचा विकत घेतानाच हे सगळं त्यात होतं, त्यांनी मुद्दाम काही केलेलं नाही.

पण त्यांचा प्रश्न खरा होता. "ताई, बाकीचे १,४०० दाखवतील आणि मी १,४७०. माणूस माझ्याकडे थांबेल का?" याला सोपं उत्तर नाही. मी एवढंच म्हटलं की तुमच्या स्वतःच्या साइटवर येणारा माणूस तुमचं नाव ऐकून आलेला असतो, दहा साइट्स फिरून आलेला नसतो. शेवटच्या पानावर आकडा वाढला की तो मागे फिरतो आणि फोन लावतो, "साइटवर वेगळं दाखवून राहिलं." काकांनी तिथेच मान डोलावली, रोजचे फोन त्यांच्याकडेच येतात ना. ठरलं: पहिल्या यादीतच १,४७० दाखवायचे. सुविधा शुल्क बंद. विमा हवा असेल त्यानं स्वतः खूण करावी.

"फक्त २ सीट शिल्लक" ही ओळ मात्र त्यांनी सोडली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. खरंच दोन उरल्या असतील तर चौघांच्या कुटुंबाला ते आधी कळायला हवं. ओळ ठेवली, आकडा थेट सीटच्या नोंदीतून येईल.

दिवाळीच्या भाड्याचाही विषय काढला. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार खासगी बसला एसटीच्या त्याच दर्जाच्या बसच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. भाडं भरायच्या पडद्यावर ती मर्यादाच घालून टाकली. त्यापुढचा आकडा साइट घेणारच नाही. मालक म्हणाले, बरं झालं, मॅनेजरच्या हातात ते राहायला नको.

२४ सप्टेंबर, बुधवार

तिकीट रद्द करण्याचे नियम. हे पान कुणी वाचत नाही म्हणतात. काकांकडचं रजिस्टर बघितलं तर दिवाळीत रद्द होणारी बरीच तिकिटं वेटिंगवाल्यांची. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. ज्याला वेटिंग मिळालं तो सुरक्षेसाठी ट्रॅव्हल्सचंही काढून ठेवतो. रेल्वेचा चार्ट २०२५ च्या जुलैपासून गाडी सुटण्याच्या ८ तास आधी लावायला सुरुवात झाली. म्हणजे संध्याकाळच्या गाडीचं त्याला त्याच दिवशी सकाळी-दुपारी कळतं. आणि आपला नियम काय, तर २४ तास आधी रद्द केलं तरच बरे पैसे परत. ज्या वेळी त्याला कळतं त्या वेळी आपली मुदत संपलेली.

मालकांशी बोलून सवलतीची मुदत ६ तास आधीपर्यंत आणली. कपात थोडी वाढली, त्याला त्यांचा इलाज नव्हता, आणि मला ते पटलं. दुपारी दोनला सुटलेली सीट संध्याकाळपर्यंत काकांना विकता येते, हे त्यांनीच सांगितलं.

टक्के आणि तास काढून टाकले. तिकिटावर आता थेट लिहून येतं: "शुक्रवार १७ ऑक्टोबर, दुपारी ३ पर्यंत रद्द केल्यास १,१०२ रुपये परत." हिशोब साइटनं करायचा, प्रवाशानं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सीटचा नकाशा. सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार हे ठाऊक होतं.

गाडी २+१ स्लीपर, म्हणजे एका बाजूला जोडबर्थ, दुसऱ्या बाजूला एकेरी. खालचा मजला आणि वरचा मजला शेजारी-शेजारी काढला की साध्या मोबाइलवर एकेक बर्थ करंगळीच्या नखाएवढी होते. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये बोट लावायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल मागितली आहे, वरच्या पातळीला ४४. चालत्या ऑटोत बसून बुकिंग करणाऱ्याला ४४ च हवी. मजले वेगळे केले, आधी खालचा, कारण आधी संपतो तोच.

नकाशावर गाडीचं तोंड कुठे हे लोकांना कळत नाही. स्टिअरिंगचं चिन्ह होतं, पण वर, पडद्याबाहेर गेलेलं. "ड्रायव्हर" असा शब्दच लिहिला आणि तो सरकवला तरी जागेवर राहील असं केलं. मागच्या चाकांची जागाही नकाशात दाखवली. हे कुठल्या साइटवर मी पाहिलेलं नाही, पण काउंटरवर प्रत्येक तिसरा माणूस विचारतो, "चाकावरची तर नाही ना देऊन राहिले?" काका त्याला बोटानं रजिस्टरातली जागा दाखवतात. तेवढंच साइटनंही करायचं.

चाकावरच्या बर्थ मग विकल्या जाणार नाहीत, ही मालकांची भीती. त्यावर त्यांनीच तोड काढली: त्या बर्थ थोड्या स्वस्त.

महिलांसाठीच्या बर्थ फक्त गुलाबी होत्या. ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांना त्या इतरांसारख्याच दिसतात. आता त्यावर "महिला" असं लिहिलेलं आहे. एकटी बाई बुकिंग करत असेल तर जोडबर्थच्या शेजारी कोण आहे ते आधी दिसतं, बाई की पुरुष एवढंच, नाव-वय नाही. एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींच्या वडिलांचे फोन या एका गोष्टीसाठी येतात, आणि त्यांची काळजी मला माझीच वाटते. रात्रभराचा प्रवास आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

कच्च्या साइटवर चाचणी, ऑफिसातल्या बाकावरच. तिकीट काढायला आलेल्यांनाच विनंती केली. साइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांबरोबर चाचणी केली तरी बहुतेक अडचणी समोर येतात, आणि एकदम मोठी चाचणी करण्यापेक्षा छोट्या-छोट्या पुन्हा पुन्हा कराव्यात. आम्ही तसंच करतो.

यवतमाळकडच्या एक मावशी, मुलाकडे पुण्याला निघालेल्या. त्यांनी तारीख, थांबा, खालची बर्थ सगळं बिनचूक निवडलं आणि पैसे भरायच्या पानावर थांबल्या. मी विचारलं, काय झालं मावशी? म्हणाल्या, "माझं नाव कुठं दिसून नाही राहिलं. दुसऱ्याच्या नावावर गेलं तर?" पैसे द्यायच्या आधी त्यांना स्वतःचं नाव बघायचं होतं. आता त्या पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत नाव, त्याखाली रात्र आणि थांबा, मग रक्कम.

एका मुलानं पुढचं बटण दाबायच्या आधी मागे जाऊन थांबा बदलला, तर निवडलेली सीट पुसली गेली. थांबा बदलला तरी सीट तीच राहिली पाहिजे. डेव्हलपरनं तिथेच बसून दुरुस्त केलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. काम बंद, पण एक गोष्ट लिहून ठेवते. १९५६ पासून या दिवशी देशभरातून लोक दीक्षाभूमीवर येतात, आणि आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात. रहाटे कॉलनीचा थांबा आज चालत नाही. काका दरवर्षी प्रत्येकाला फोन करून सांगतात. एखाद्या तारखेपुरता थांबा हलवायची सोय मॅनेजरच्या पडद्यावर हवी, आणि हलवला की त्या थांब्याच्या सगळ्या प्रवाशांना आपोआप मेसेज.

४ ऑक्टोबर, शनिवार

"पैसे कटले, तिकीट नाही आलं." यूपीआयचा व्यवहार मधेच लटकला की प्रवासी घाबरून पुन्हा भरतो, मग दोन वेळा पैसे आणि एक तिकीट. आता एका बुकिंगला एकच क्रमांक, कितीही वेळा बटण दाबलं तरी दुसऱ्यांदा पैसे घेतले जात नाहीत. व्यवहार लटकलेला असेपर्यंत सीट धरून ठेवतो. वेळ संपत आली की आधी विचारतो, अजून हवा का. उत्तर द्यायला डब्ल्यूसीएजीनं सांगितलेले किमान २० सेकंद.

पडद्यावरचा मजकूर मी तीनदा लिहिला, कारण त्या क्षणी माणसाच्या पोटात गोळा आलेला असतो. "तुमचे पैसे बँकेत अडकले आहेत, आमच्याकडे आलेले नाहीत. पुन्हा भरू नका. सीट आम्ही धरून ठेवली आहे." त्याखाली रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम साध्या शब्दांत: पैसे खात्यातून गेले आणि विक्रेत्याला पोच मिळाली नाही तर ५ दिवसांत आपोआप परत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. मग काउंटरचा नंबर.

६ ऑक्टोबर, सोमवार

मेसेज. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, आणि मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. त्यापुढे गेलं की दुसऱ्या मेसेजचे पैसे. मालक इंग्रजीकडे झुकले होते. मी हा मजकूर लिहून दिला: "शुक्र १७ ऑक्टो रात्री ९.१५, छत्रपती चौक, पुलाखाली. बर्थ खाली ४." एका मेसेजात बसतो. गाडीचा नंबर आणि क्लीनरचा मोबाइल गाडी लागायच्या दिवशी दुपारी वेगळा जाईल, कारण गाडी ऐनवेळी बदलते. दोन्ही नमुने नोंदणीला पाठवले.

८ ऑक्टोबर, बुधवार

साइट चढवली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून ऑफिसात. आजही फोन वाजतात, पण बोलणं बदललंय. "गाडी कुठून" विचारणारे तुरळक. आज विचारणा आहे ती गाडी किती उशिरा आहे याची, आणि याचं उत्तर अजून फक्त क्लीनरकडे असतं. गाडी कुठवर आली हे त्या मेसेजमधल्या लिंकवर दिसायला हवं; मालकांनी होकार दिला, दिवाळीनंतर.

मध्यरात्रीच्या तारखेचा अमरावतीहून आज एकही फोन नाही. काकांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज एका अंध शिक्षकांबरोबर चाचणी केली. मोबाइल बोलून दाखवतो त्यावर ते सगळे व्यवहार करतात, ट्रॅव्हल्सचं तिकीट मात्र आजवर कुणाला तरी सांगूनच काढत आले. सीटच्या चित्राला त्यांच्या फोननं फक्त "प्रतिमा, प्रतिमा" असं म्हटलं असतं, म्हणून आम्ही प्रत्येक बर्थ एका वाक्यात लिहिली आहे: "खालची, एकेरी, खिडकीची, पुढून दुसरी, रिकामी, १,४७० रुपये." त्यांनी यादी ऐकत-ऐकत बर्थ निवडली आणि तिकीट स्वतः काढलं. थांब्याच्या फोटोशी अडले. फोटोखालची ओळ त्यांना पुरत नाही, कारण "जिन्याजवळ" म्हणजे जिन्याच्या कुठल्या बाजूला ते ऐकून कळत नाही. "फूटपाथ संपतो तिथून किती पावलं, एवढं सांगा, बाकी मी बघतो," म्हणाले.

प्रत्येक थांब्यावर जाऊन तेवढं मोजून लिहायचं आहे. हीच यादी, चित्राऐवजी, डोळस ज्येष्ठांनाही सोपी जाते असं काकांचं म्हणणं, म्हणून "यादीतून निवडा" हे बटण वर आणलं. उद्या संध्याकाळी वाडीपासून सुरुवात करते. तिथल्या थांब्याचा फोटोही नव्यानं काढायचाय, चहाचं दुकान चौकाच्या पलीकडे गेलंय.